नाडी पाहणाऱ्यांची नाडी

मुंबई-पुण्याच्या प्लेगविषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रँडचा खून, चाफेकर बंधूंची फाशी, लोकमान्य टिळकांवरचा १८९७ चा राजद्रोहाचा खटला, सावित्रीबाई फुले यांचा रुग्णसेवा करताना झालेला मृत्यू, हे प्रसंग शाळेच्या पुस्तकांपासून आपल्या ओळखीचे आहेत. मुंबईच्या मदनपुऱ्यात ९ मार्च १८९८ रोजी उसळलेली जुलाह्यांची दंगल मात्र एखाद्या ओळीत आटोपली जाते. ती का झाली, कोणाच्या घरी झाली, हे आपल्या समाजातील नव्या पिढीलाही फारसे ठाऊक नाही. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते केवळ त्या दंगलीविषयी नाही. या साऱ्या कथनात एक माणूस सतत हजर असतो आणि त्याच्याकडे कोणीही नीट पाहत नाही. तो माणूस म्हणजे डॉक्टर. सरकारच्या दृष्टीने तो हुकमाचा ताबेदार होता, लोकांच्या दृष्टीने तो सरकारचा हस्तक होता. त्याच्या मनात काय चालले होते, त्याने ते दिवस कसे काढले, हा प्रश्न इतिहासाने क्वचितच विचारला.

'ताण' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ वैद्यकशास्त्रात हान्स सेल्ये यांच्या १९३६ सालच्या लेखनानंतर रूढ होत गेला. त्यामुळे १८९६ सालच्या डॉक्टरांच्या कागदपत्रांत हा शब्द शोधून सापडणार नाही. त्यांच्याकडे त्या अनुभवाला नाव नव्हते. नाव नव्हते म्हणून अनुभव नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांनी काय केले, काय टाळले, कशाला धरून राहिले, हे पाहिले की तो अनुभव वाचता येतो.

रोगाचे नाव घेण्याचे ओझे

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एक विचित्र ताप पसरत होता. काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि रोगी दोन-चार दिवसांत दगावे. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींनी भरलेली, दाटीवाटीची वस्ती. तिथे व्यवसाय करणारे डॉ. अकासियु गाब्रिएल व्हिएगस मूळ गोव्याचे, बार्देशातील हडफड्याचे. १८५६ चा जन्म आणि शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले आणि ते उघडपणे बोलूनही दाखवले.

आज हे वाक्य सोपे वाटते. तेव्हा मुंबई हे व्यापाराचे बंदर होते. प्लेगचे नाव निघाले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, गिरण्या थांबणार, हजची वाहतूक अडणार, हे प्रत्येकाला कळत होते. त्यामुळे नाव घेणाऱ्यावरच राग निघाला. हा माणूस घबराट पसरवतो आहे, असे म्हणणारे कमी नव्हते. सरकारला तज्ज्ञांकरवी खातरजमा करून घ्यावी लागली आणि निदान खरे ठरले. व्हिएगस यांनी पुढे स्वतः हजारो लोकांना लस टोचली. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे. पण पुतळा नंतर उभा राहतो. निदान केल्यानंतरच्या त्या काही आठवड्यांत त्या माणसाच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार पुतळ्याजवळून जाताना कोणी करीत नाही. साथीत डॉक्टरवर येणारा पहिला ताण मृत्यूचा नसतो. जे दिसते ते बोलावे की गप्प बसावे, याचा असतो. व्हिएगस बोलले. ज्यांना निदान पटत होते पण बोलण्याचे धैर्य झाले नाही, अशांची नावे इतिहासात उरत नाहीत.

आर्थर रोडचे इस्पितळ

शहराचे कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार घेतले. रोगी न्यायचा तो आर्थर रोडच्या इस्पितळात. लोकांचा समज असा की तिथे जाणारा परत येत नाही. बहुसंख्य रोगी अखेरच्या अवस्थेत आणले जात, त्यामुळे हा समज वरवर पाहता खराही ठरत होता. त्यात अफवांची भर पडली. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. राणीचा कोप झाला आहे, तो शमवायला माणसांची काळजे काढून विलायतेला पाठवतात, आणि हे काम इस्पितळात चालते, अशी आवई उठली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव या इस्पितळावर चालून गेला. मोडतोड झाली, मारहाण झाली.

या इस्पितळाची जबाबदारी डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी या पारशी डॉक्टरांकडे होती. ते तिथून हलले नाहीत. साथीची पुढची वर्षे त्यांनी प्लेगच्या रोग्यांतच काढली. जे जे नवे औषध किंवा रक्तद्रव्य येई, ते पारखून पाहिले आणि रोग्यांच्या तपशिलांचे बारकाईने टिपण ठेवले. आज हे अहवाल कोरडे वाटतात. कोणत्या दिवशी ताप किती, गाठ कुठे, रोगी कधी गेला किंवा वाचला, एवढेच. पण आमच्या मते या कोरडेपणातच त्यांच्या तगून राहण्याचे रहस्य आहे. ज्या आजारावर उपाय नाही त्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरला हात रिकामे ठेवून बसणे सर्वांत कठीण जाते. मोजता येईल ते मोजणे, लिहिता येईल ते लिहिणे, एवढेच त्याच्या हाती असते. आपल्या वारशातही याचा दाखला आहे. अंदलुसमधील अल्मेरिया शहरात १३४८-४९ च्या महामारीत रोगी पाहणाऱ्या इब्न खातिमा यांनी साथ चालू असतानाच तिच्यावर ग्रंथ लिहिला; ग्रानाड्याच्या इब्न अल-खतीब यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्याच्या आधारे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे ठामपणे मांडले. साडेपाचशे वर्षांच्या अंतरावरचे हे हकीम आणि डॉक्टर एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांनीही आधार घेतला तो लेखणीचाच.

या डॉक्टरांवरचे सर्वांत मोठे ओझे अज्ञानाचे होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हवा, घाण, जमीन, धान्य, कपडे, सगळ्यांवर संशय होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले, तर त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. पुढे मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांचे काम आणि त्यानंतरच्या संशोधन आयोगाचे प्रयोग झाले, तेव्हा १९०७ च्या सुमारास ही गोष्ट मान्य झाली. म्हणजे पहिली दहा वर्षे डॉक्टर भिंती धूत होते, घरांची छपरे उचकटत होते, लोकांचे कपडे जाळत होते, आणि पिसवा उंदरांबरोबर शेजारच्या घरात जात होत्या. इस्पितळातील सेवकांना लागण फारशी होत नाही, हे तेव्हाच अनेकांच्या ध्यानात आले होते. का होत नाही, हे सांगता येत नव्हते. ज्याला आपण घाबरतो ते खरोखर घाबरण्यासारखे आहे की नाही, हेच कळू नये, अशी ती स्थिती होती.

मदनपुऱ्यातील एक दार

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग कमिटी आली. आता घरोघर शोधपथके जाऊ लागली. या पथकांत अधिकारी, शिपाई, गोरे सैनिक आणि एखादा डॉक्टर किंवा वैद्यकीय विद्यार्थी असे.

मुसलमान समाजाचे आक्षेप काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. परका पुरुष घरात शिरून पडद्यातील स्त्रीची काख आणि जांघ तपासणार, ही गोष्ट त्या काळी सहन होण्यासारखी नव्हती. मयताची तपासणी झाल्याशिवाय दफन नाही, म्हणजे गुस्ल, कफन, जनाजा सगळे खोळंबणार. आजारी माणसाला एकटे सोडून देणे म्हणजे बिमारपुर्सीच्या कर्तव्यालाच नकार. हे आक्षेप अडाणीपणाचे नव्हते. हिंदूंचेही आक्षेप थोड्याफार फरकाने हेच होते. पुण्यात याच कारणांनी संताप साठत गेला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

मदनपुऱ्यात राहणारे जुलाहे हे उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर. १८५७ च्या उठावानंतर आझमगढ, बनारसकडून उखडलेली ही माणसे मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे हातमागासह येऊन वसली. सरकार घरात शिरते तेव्हा काय होते, याची आठवण त्यांच्या घराघरात होती. ९ मार्च १८९८ रोजी एका जुलाह्याच्या घरातील आजारी मुलीला तपासण्यावरून वाद झाला. तपासायला आला होता तो वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी. घरच्यांनी नकार दिला, गल्ली जमली, पोलीस आले, दगड आले, गोळीबार झाला. दंगल शहराच्या मोठ्या भागात पसरली आणि दोन्हीकडची माणसे मेली.

त्या दाराच्या आत उभ्या असलेल्या घरच्यांविषयी आम्हाला आपलेपणा वाटतो, हे उघड आहे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याकडेही पाहिले पाहिजे. कायदा त्याने केला नव्हता. सैनिक त्याने बोलावले नव्हते. शिक्षण अर्धे झालेले. हातात औषध म्हणावे असे काहीच नाही. रोग कसा होतो हे त्याच्या गुरूंनाही ठाऊक नाही. त्याला एवढेच सांगितलेले की तपास आणि कळव. आतल्यांना मुलीच्या अब्रूची आणि तिला नेले जाण्याची भीती, बाहेरच्याला रोगाची, जमावाची आणि वरिष्ठांची भीती. दोन भीती एका दाराच्या दोन बाजूंना उभ्या होत्या आणि मध्ये दुभाषा नव्हता. या घटनेनंतर सक्ती सैल होत गेली. समाजातील प्रतिष्ठित मंडळींना, वैद्य-हकिमांना विश्वासात घेण्याचे धोरण आले. निरनिराळ्या समाजांच्या खासगी प्लेग-इस्पितळांना मोकळीक मिळाली. जे आधी करता आले असते ते माणसे मेल्यावर केले गेले.

हाफकिन यांची लस आणि हाफकिन यांचे भोग

वाल्देमार हाफकिन हे ओदेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ साली हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालेली जागा एका बोळवजा खोलीएवढी. तिथे तीन महिने अखंड काम चालले. या काळात त्यांचा एक सहायक मानसिकदृष्ट्या पार कोसळला आणि दोघे काम सोडून गेले, अशी नोंद आहे. लसीच्या इतिहासात ही ओळ ओझरती येते. आमच्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. कोसळलेल्या त्या सहायकाचा सत्कार झाला नाही, त्याच्या नावाची संस्था निघाली नाही. पण साथीशी लढण्याची किंमत त्यानेही मोजली होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट मोठी मात्रा त्यांनी घेतली. ताप आला, अंग दुखले, ते सहन केले. हे धाडस होते, तसाच तो मनाचा एक आधारही होता. दुसऱ्याला धोक्यात घालण्याआधी आपण त्यातून गेलो आहोत, ही जाणीव डॉक्टरला रात्री झोपू देते. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली.

पण लोक लस घेतील कशी? इथे एक मुसलमान तरुण पुढे आला. खोजा समाजाचे इमाम सुलतान महंमद शाह आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आणि ती एकदाच नव्हे. आपला 'खुश्रू लॉज' हा बंगला त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. एका ज्यू शास्त्रज्ञाची लस, एका मुसलमान इमामाचा दंड आणि एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरचा हात, असे ते दिवस होते. डॉक्टरच्या खांद्यावरचे ओझे समाजातील विश्वासाचा माणूस आपल्या खांद्यावर घेतो तेव्हा काय घडते, याचा याहून स्पष्ट दाखला दुसरा नाही. मदनपुऱ्यात जो दुभाषा नव्हता तो इथे होता.

हाफकिन यांची खरी परीक्षा पुढे झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून बाजूला करण्यात आले. बाटलीत दोष प्रयोगशाळेत शिरला नव्हता, गावात बाटली उघडताना शिरला होता, हे दाखवणारा पुरावा असूनही चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली. शेवटी २९ जुलै १९०७ रोजी रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू घेतली, तेव्हा ते निर्दोष ठरले. कलकत्त्याला पुन्हा नेमणूक मिळाली, पण पूर्वीचे काम हाती दिले गेले नाही. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, एवढेच समाधान त्यांच्या हयातीत झाले. लक्षावधी लोकांना उपयोगी पडलेल्या माणसाला प्लेगने हात लावला नाही. त्याला पोखरले ते दोषारोपाने.

व्हिएन्नातील एक खिडकी

१८९७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रियाहून डॉक्टरांचे एक पथक मुंबईला प्लेगच्या अभ्यासासाठी आले होते. त्यात डॉ. हेर्मान म्युलर हे तरुण डॉक्टर होते. मुंबईत महिनोन्‌महिने त्यांनी रोगी तपासले आणि काही न होता ते परतले. मुंबईहून नेलेल्या जंतूंवर व्हिएन्नात प्रयोग चालू होते. ऑक्टोबर १८९८ मध्ये तिथल्या बारिश नावाच्या प्रयोगशाळा-सेवकाला प्लेगची लागण झाली, तीही फुप्फुसाच्या प्लेगची. म्युलर यांनी त्याची शुश्रूषा केली. तो गेला आणि म्युलर यांना लागण झाली. आपल्याला काय झाले आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी स्वतःला कोंडून घेतले, आपल्या आजाराची हकीकत कागदावर लिहून खिडकीच्या काचेला लावली, आणि आपल्यासाठी डॉक्टर पाठवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नका, असे कळवले. आईवडिलांना निरोपाचे पत्र लिहिले. २३ ऑक्टोबर १८९८ रोजी ते वारले. शुश्रूषेतील एक परिचारिकाही पाठोपाठ गेली. मुंबईत त्यांच्याबरोबर काम केलेले डॉ. पोख शेवटपर्यंत त्यांची देखभाल करीत होते.

अशा कथा ऐकताना आपण हौतात्म्याचे गोडवे गातो. आम्हाला मात्र त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. म्युलर एकटे नव्हते. मुंबईचे दिवस ज्याने सोबत पाहिले होते असा सहकारी दाराशी होता. डॉक्टरला डॉक्टरच समजू शकतो, अशा काही रात्री असतात.

हडपसरचा दवाखाना

त्याच काळात पुण्याजवळ वेगळे काही घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. यशवंत लष्करी नोकरीतले डॉक्टर होते. फातिमा शेख यांच्याबरोबर मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई आता साठी उलटलेल्या होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

इथे शोधपथक नव्हते. रोगी लपवले जात नव्हते, आणले जात होते. ज्या वस्तीला उभे आयुष्य दूर लोटले गेले, त्या वस्तीचा या मायलेकरांवर विश्वास होता. यशवंतांसारख्या डॉक्टरला शिव्या आणि दगड खावे लागले नसतील. पण ज्या कामात आई हात लावायला आली त्याच कामाने आई नेली, हे दुःख त्यांना पचवावे लागले. आपल्यामुळे घरच्यांना रोग होईल, ही साथीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनातली भीती असते. यशवंतांच्या बाबतीत ती खरी ठरली.

पळणारे आणि थांबणारे

सगळेच थांबतात असे नाही. १८९६-९७ च्या हिवाळ्यात आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे निघून गेली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची बातमी फुटली तेव्हा लाखो लोक पळाले, आणि त्यांत खासगी डॉक्टरांची संख्या मोठी होती. सरकारी इस्पितळातील डॉक्टर आणि सेवक उरले. पळालेल्यांना भेकड म्हणणे सोपे आहे. हिजरी १८ मध्ये अमवासच्या साथीत हजरत उमर सल्लामसलत करून वाटेतून मागे फिरले आणि अबू उबैदा लोकांबरोबर तिथेच राहिले व वारले; दोघांचीही भूमिका आपल्या परंपरेने आदराने जपली आहे. साथ असलेल्या गावात शिरू नये आणि तिथे असाल तर सोडून जाऊ नये, ही प्रेषितांची शिकवण आपण अभिमानाने सांगतो. पण थांबणाऱ्याला थांबता यावे यासाठी समाजाने काय करायचे, हा भाग आपण विसरतो. डॉक्टरचे थांबणे त्याच्या एकट्याच्या हिमतीवर सोडून चालत नाही.

२००३ च्या सार्सच्या साथीनंतर टोरोंटो, हाँगकाँग, सिंगापूर येथील डॉक्टर-परिचारिकांचे अभ्यास झाले. त्यांतून जे निघाले ते मुंबईच्या कागदपत्रांहून वेगळे नाही. मरणाच्या भीतीबरोबर घरी रोग नेण्याची भीती, शेजाऱ्यांनी टाळल्याचे दुःख, माहितीच्या अभावातून आलेली असहायता. ज्यांना आधी नीट प्रशिक्षण मिळाले होते आणि ज्यांच्या पाठीशी संस्था उभी राहिली, ते पुष्कळ प्रमाणात सावरले.

मार्च २०२० मध्ये मुंबईत कोरोनाचे पहिले रोगी दाखल झाले ते आर्थर रोडच्याच इस्पितळात. आता त्याचे नाव कस्तुरबा रुग्णालय आहे. त्या दिवसांत आपल्या समाजावर रोग पसरवल्याचा आळ घेतला गेला. तबलिगी जमातच्या निमित्ताने भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याची झळ बसली. हे विसरण्यासारखे नाही आणि विसरूही नये. पण त्याचबरोबर १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल या आपल्याच मोहल्ल्यात तपासणीला आलेल्या पथकावर दगडफेक झाली, हेही सांगितले पाहिजे. त्या पथकात दोन स्त्री डॉक्टर होत्या. त्यांतली एक मुसलमान होती. दुसऱ्याच दिवशी दोघी पुन्हा कामावर गेल्या. त्याच महिन्यात चेन्नईत कोरोनाने गेलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला जमावाने विरोध केला. सहकारी डॉक्टरला मध्यरात्री हाताने माती लोटावी लागली. तिथला जमाव मुसलमानांचा नव्हता. भीतीला धर्म नसतो, हे दोन्ही घटनांनी दाखवले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून डॉक्टर आणि आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठरवावी लागली. १८९७ साली लोकांच्या घरात शिरण्यासाठी केलेला कायदा १२३ वर्षांनी डॉक्टरांना लोकांपासून वाचवण्यासाठी दुरुस्त करावा लागतो, यात दोन्ही पक्षांचे अपयश नोंदले गेले आहे.

मदनपुऱ्यातील जुलाह्यांचे भाऊबंद ज्या मालेगावात वसले, तिथेही २०२० च्या उन्हाळ्यात साथ मोठी झाली. खासगी दवाखाने बंद पडले आणि इतर आजारांच्या रोग्यांचेही हाल झाले. हळूहळू दवाखाने उघडत गेले, तसतशी गावाची भीती ओसरली. या गावांतून आज शेकडो मुले-मुली एमबीबीएस आणि युनानीचे शिक्षण घेत आहेत. १८९८ साली दाराबाहेर उभा असलेला तो विद्यार्थी आज आपल्याच घरात वाढतो आहे. उद्याच्या साथीत तो किंवा ती कोणाच्या तरी दारावर उभी राहणार आहे.

इतिहासातील हे डॉक्टर कशाच्या बळावर तगले, याचा शोध घेतला तर हाती येणाऱ्या गोष्टी मोठ्या नाहीत. नियमित काम, लिहिलेली टिपणे, आधी स्वतः घेतलेली सुई, सोबतचा सहकारी, आणि समाजातील एखादा विश्वासाचा हात. यांतल्या पहिल्या चार गोष्टी डॉक्टर स्वतःच्या स्वतः मिळवू शकतो. पाचवी त्याला आपण द्यायची असते. ती साथ आल्यावर जमवता येत नाही. आधीपासून, मस्जिदीच्या कमिटीपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत, जमवून ठेवावी लागते. आगाखानांनी १८९७ साली ती दिली, तेव्हा त्यांच्याजवळ खात्रीचे ज्ञान नव्हते. ज्याला थोडेफार कळते त्याला एकटे पाडायचे नाही, एवढे मात्र त्यांनी ठरवले होते.